बाहेरचं कुलूप आधी काढा

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, नमस्कार. मी धरमपेठला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. मानेवाड्याच्या पुढे एका फ्लॅट स्कीममध्ये सगळ्यात वरच्या माळ्यावर राहतो. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मुलगा पाच वर्षांचा, केजी-टूमध्ये. सासूबाई होत्या तोवर काळजी नव्हती. दिवाळीनंतर मोठ्या जाऊबाई आजारी पडल्या म्हणून त्या काटोलकडे गावी गेल्या. तेव्हापासून मी लंच टाइमात स्कूटीने घरी येते, शाळेतून आलेल्या मुलांना जेवू घालते आणि बाहेरून कुलूप लावून दोन वाजता परत जाते. यायला साडेसहा होतात. मिस्टर नाइटला असले की दिवसा घरीच झोपलेले असतात, तेव्हा प्रश्न नसतो. बाकी दोन आठवडे असेच जातात.

मागच्या मंगळवारी दुपारी लाइट गेली ती लवकर आलीच नाही. मुलगा घाबरून खिडकीच्या ग्रिलला धरून रडायला लागला. खालच्या काकू वर आल्या, पण दाराला कुलूप. त्यांनी मला फोन केला. मी पोचले तेव्हा दोघं घामानं चिंब. काकू म्हणाल्या, 'असं करू नको बाई, कोणी तक्रार केली तर पोलिस येतील.' मिस्टर म्हणतात, काकूंना काहून मध्ये पडायचं, आम्हीपण असेच वाढलो, काही झालं का? त्यांनी घरात कॅमेरा लावून दिला. अजून एक. मुलीच्या मनगटावर भाजल्याचा डाग दिसला. भावाला भूक लागली म्हणून तिनं मॅगी केली होती. आठ दिवस तिनं सांगितलंच नाही.

मुलांना घरी एकटं ठेवणं गुन्हा आहे का? कितव्या वर्षापासून ठेवता येतं? की मी नोकरीच सोडू? आता परीक्षा संपल्या की सुट्या, मग तर दिवसभराचा प्रश्न."

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते. पण जे तुम्ही विचारलंच नाही, ते आधी. दाराला बाहेरून लावायचं कुलूप उद्यापासून बंद. मुलांची पक्की सोय व्हायला आठ दिवस लागोत की पंधरा, कुलूप मात्र उद्यापासून नाही. घराची एक किल्ली आज रात्रीच काकूंकडे नेऊन द्या. मिस्टरांना काकूंचा राग आला असेल, तर त्यांच्याच हातून पाठवा.

इतकं तडकाफडकी सांगते आहे, कारण मंगळवारी तुमच्या दारात नेमकं काय झालं ते बघा. मदत करायला तयार असलेलं एक मोठं माणूस दारापर्यंत आलं आणि त्याला आत जाता आलं नाही. आतल्या दोघांना बाहेर येता आलं नाही. किल्ली धरमपेठला, तुमच्या पर्समध्ये. त्या दिवशी नुसती लाइट गेली होती. गॅसची नळी सुटली असती तर? एखाद्या बोर्डातून धूर निघाला असता तर? एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, म्हणजे दुपारी खाली गादीवर झोपलेल्या पोराच्या नाकाशी आधी पोचतो. आग लागली तर ज्वाळांच्या आधी धूर गाठतो, आणि त्याला काही मिनिटं पुरतात. तुम्हाला निरोप मिळून स्कूटी काढून घरी पोचायला अर्धा तास सहज लागतो. अग्निशमनवाले आले तरी आधी ग्रिल कापणार, मग आत शिरणार.

कुलपाऐवजी नाइट लॅच बसवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, सुतार बसवून देतो. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आतून मूठ फिरवली की उघडतं. घेताना दुकानदाराला एक नक्की विचारा. काही लॅच बाहेरून दोनदा किल्ली फिरवली की आतल्या मुठीनंही उघडत नाहीत. ते नको, नाही तर आपण पुन्हा कुलपावरच आलो. बसवल्यावर मुलीकडून ते उघडून घ्या, दिवसा आणि अंधार करूनही. लहान्याच्या हाताला येणाऱ्या आतल्या कड्या काढून टाका. पाच वर्षांचा पोरगा गंमत म्हणून कडी घालतो आणि मग ती त्याच्याच्यानं निघत नाही. बाथरूमची कडी सगळ्यात आधी काढा. खिडक्यांच्या ग्रिलमधली एक तरी आतून उघडणारी हवी. नव्या स्कीममध्ये चोराच्या भीतीनं सगळ्या खिडक्या वेल्डिंग करून बंद करतात आणि त्याला सेफ्टी ग्रिल म्हणतात.

कुलूप नाही तर कोणी आत शिरलं तर, ही भीती तुमच्या मनात येणारच. ती खोटी नाही. फक्त ती चुकीच्या माणसाची आहे. मुलांवरच्या अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो, येणं-जाणं असलेला. त्याला कुलपाची अडचण नसते, त्याला मुलंच दार उघडून देतात. म्हणून "अनोळखी माणसाला दार उघडू नका" एवढं सांगून भागत नाही. नाव घेऊन सांगा: आई, बाबा आणि खालच्या काकू, बस. चौथं कोणीही आलं, मामा असो की बाबांचे मित्र, जाळीचं दार बंद ठेवूनच बोलायचं आणि आधी आईला फोन करायचा. कुरिअरवाला, मीटर रीडिंगवाला, गॅसवाला आला तर काय म्हणायचं ते पाठ करून घ्या. "आई आंघोळीला गेली" असं खोटं शिकवायची गरज नाही. मुलांना खोटं टिकवता येत नाही, दुसऱ्या प्रश्नाला ती अडखळतात. "आई आत्ता येऊ शकत नाही, नंतर या" हे खरंही आहे आणि पुरेसंही. कोणी नको तिथे हात लावला, किंवा "आईला सांगू नको" म्हणालं, तर ते त्याच दिवशी आईला सांगायचं, रागावणार नाही, हे दोघांनाही वेगवेगळं बसवून सांगा. पाच वर्षांच्या मुलालाही.

आता आपल्या नागपूरची गोष्ट. तुमच्या पत्रात कूलरचा शब्दही नाही, पण वरचा माळा, मार्चअखेर आणि तापलेला स्लॅब म्हटल्यावर तो आहेच, असं धरून चालते. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी असते, आणि त्यांत लहान मुलंही असतात. त्यामागचं कारण साधं आहे. पत्र्याची बॉडी, खाली पाण्याची टाकी, त्यात बुडालेला पंप, पंपाच्या वायरचं वरचं रबर गेल्या उन्हाळ्यात तडकलेलं, आणि अर्थिंग नाही. वायर बॉडीला टेकली की अख्खा कूलर करंट मारतो. फरशी ओली, पाय अनवाणी, आणि पोर हवा नीट लागावी म्हणून जाळीलाच चिकटून उभं. टाकीतलं पाणी संपलं, पंप कोरडा घरघरायला लागला, की शहाणी मुलगी काय करेल? बादली घेऊन पाणी भरायला जाईल. ती तशी शहाणी आहे, हे मॅगीवरून कळलंच आहे.

तेव्हा कूलर गच्चीवरून उतरवल्याबरोबर इलेक्ट्रिशियनला बोलवा. पंप आणि त्याची वायर बदला, दोन्ही फार महाग नसतात. प्लग तीन पिनचाच हवा आणि बोर्डातल्या अर्थिंगला खरोखर अर्थिंग आहे का, ते त्याच्याकडून तपासून घ्या. बऱ्याच घरांत तिसरं भोक नुसतं दिसायला असतं. मीटरजवळच्या डीबीत, म्हणजे घरभर लाइन वाटणाऱ्या स्विचच्या पेटीत, ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवा, ज्याला आपल्याकडे अजून ईएलसीबीच म्हणतात. करंट भलतीकडे जायला लागला की ते क्षणात लाइन तोडतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. यंदा फक्त एकाच गोष्टीला पैसे असतील, तर कॅमेऱ्याच्या आधी हे. पाणी सकाळीच मोठ्या माणसानं भरायचं, तेही प्लग काढून, नुसतं बटण बंद करून नाही. मुलांना नियम एकच: कूलरला हात लावायचा नाही, त्यातलं पाणी संपलं तरी नाही. आणि कोणी चिकटलेलं दिसलं तर त्याला ओढायला जायचं नाही. मेन स्विच पाडायचा आणि काकूंना हाक मारायची. मेन स्विच कुठला, ते मुलीला आजच दाखवा. तिचा हात पोचत नसेल तर तेही आजच कळेल.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर माझा त्याला विरोध नाही. पण त्यात पडलेलं मूल दिसतं, उचलता येत नाही. शिवाय लाइट गेली की वायफाय जातं आणि कॅमेराही जातो. म्हणजे मंगळवारी ज्या वेळी बघण्यासारखं काही होतं, नेमका त्याच वेळी तो आंधळा झाला असता. कॅमेरा घरात असल्यानं एक वेगळाच धोका तयार होतो. "बघत असतोच की" असं वाटून खरी व्यवस्था पुढे पुढे ढकलली जाते.

मुलीचा भाजल्याचा डाग. पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा मला ते "आठ दिवस सांगितलंच नाही" जास्त टोचलं. तिनं ते काहून लपवलं असेल? गॅसला हात लावायचा नाही हा नियम तिनं मोडला होता आणि भावाला उपाशी ठेवायचं नाही हा पाळला होता. दोन्ही नियम एकदम पाळणं तिला शक्यच नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीवर पाच वर्षांच्या मुलाची जबाबदारी टाकली की असंच होतं. ती स्वतःपुरती बरीच शहाणी असेल, पण शेजारी एक धडपड्या भाऊ ठेवला की तिचं सगळं शहाणपण त्याच्यात खर्च होतं. तिला रागावू नका. "तू त्याला खाऊ घातलंस, पण आता हे तुझं काम नाही" असं स्पष्ट सांगा आणि ते काम खरंच काढून घ्या. यापुढे काही पडलं, फुटलं, भाजलं तर सांगितल्यावर बोलणी बसणार नाहीत, हा शब्द द्या. तो पाळणं तुम्हाला जड जाईल, तरी पाळा.

निघताना रेग्युलेटर बंद, सिलिंडरपाशीच, नुसती शेगडीची बटणं नाही. गॅस पेटवावा लागणारच नाही असा खाऊ समोर काढून ठेवा: केळी, चिवडा, पोळीचा लाडू, दह्याची वाटी. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, दोघांनी सरळ बाहेर पडून काकूंकडे जायचं. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, तो काकूंकडेही असू द्या. भाजलं तर वीस मिनिटं थंड पाण्याखाली. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं नळाला येणारं पाणी हातही धरू देत नाही, हे अशा सूचना छापणाऱ्यांना माहीत नसतं. तेव्हा सकाळी भरून घरात सावलीला ठेवलेलं पाणी वापरायचं, मगानं हळूहळू ओतत राहायचं.

बाकी घराचं थोडक्यात उरकते, कारण हे तुम्हाला साधारण माहीत असणार. फिनाइल, ॲसिड, टॉयलेट क्लीनर कुलपाच्या कपाटात, आणि कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. उंदराचं औषध घरात नकोच, त्यातली पेस्ट तर मुलांना मंजनासारखी दिसते. डांबर गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात. रिमोटमधली आणि खेळण्यांतली चपटी बटण-बॅटरी गिळली आणि घशात अडकली, तर दोन तासांत अन्ननलिका जाळते, त्यामुळे तिची झाकणं चिकटपट्टीनं बंद करा. असं काही पोटात गेल्याची शंका आली तर उलटी करवायची नाही, डबा किंवा बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना. आणि गच्चीचं दार. वरचा माळा तुमचाच आहे. संक्रांतीच्या पतंगांचे दिवस गेले, पण कटलेली एखादी पतंग अजूनही कुठल्या तरी वायरला लटकलेली असते आणि पोट्ट्यांना ती नेमकी दिसते. स्कीमच्या सेक्रेटरीला सांगून दुपारी तरी ते दार बंद ठेवायला लावा.

आता कायदा. मुलाला अमुक वयापर्यंत घरी एकटं ठेवू नये, असं वय ठरवून देणारा कायदा आपल्याकडे नाही. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. त्याच्या कलम ७५ प्रमाणे मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला मारहाण केली, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ पण लोक घाबरवायला सांगतात, १२ वर्षांखालच्या मुलाला सोडून देण्याबद्दलचं. ते मुलाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूबद्दल आहे, तुम्हाला त्याची भीती नको. पोटासाठी नोकरीला जाणं म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष नव्हे. मात्र शेजाऱ्यानं सावध केलं, मुलं एकदा अडकली, मुलगी एकदा भाजली, आणि तरी तेच चालू राहिलं, तर पुढे काही झाल्यावर "कल्पना नव्हती" असं म्हणायला जागा राहणार नाही. काकूंनी बोलून दाखवलं ते तुमच्या वाईटावर नाही.

आणि कोणी १०९८ या नंबरवर तक्रार करेल म्हणून इतकं घाबरायचं कारण नाही. ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता ती सरकारच चालवतं आणि ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडलेली आहे. फोन गेला तर सहसा कोणीतरी घरी येऊन चौकशी करतं, गरज वाटली तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. मुलाची नीट काळजी घेतली जावी यासाठीच हे सगळं आहे. हा नंबर मुलीलाही पाठ हवा. ११२ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ पण. पण पहिला फोन काकूंना, दुसरा तुम्हाला, हे आकडे त्यानंतर. जवळचं माणूस दोन मिनिटांत येतं. मोबाइल नसेल तर एक साधा बटणांचा फोन घेऊन घरात ठेवा, चार्ज केलेला.

वयाचं उत्तर कायदा देत नाही, तर मीच देते. हे माझं मत आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. पाच वर्षांचं मूल पाच मिनिटंही एकटं नको. नऊ वर्षांची मुलगी दूध किंवा कोथिंबीर आणायला तुम्ही खाली गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं राहू शकते, शेजारी माणूस असताना आणि भाऊ तुमच्यासोबत असताना. बाराच्या पुढे, सराव झाल्यावर, दोनेक तास. दुसऱ्या लहान मुलाला सांभाळणं चौदाच्या आत सोपवू नये, आणि तेव्हाही रोजची ड्यूटी म्हणून नाही. वयापेक्षा मूल बघा. विचारल्याशिवाय खरं सांगतं का, घाबरलं की लपतं की हाक मारतं, पत्ता नीट सांगतं का. तुमची मुलगी सध्या पहिल्याच प्रश्नात अडली आहे, आणि तो दोष तिचा नाही.

मिस्टरांच्या "आम्हीपण असेच वाढलो" या वाक्यावर तुमच्या घरी वाद झाला असेल, म्हणून थोडं. ते असे वाढले नाहीत. ते नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या वाड्यात वाढले असोत की काटोलकडच्या गावात, त्यांची आई शेतावर असेल, घरी नसेल, पण ओसरीवर कोणीतरी म्हातारं बसलेलं होतं, समोरच्या घराचं दार उघडं होतं आणि चार घरांतल्या कोणालाही त्यांचा कान पिळायचा हक्क होता. कोणी पडलं तर पहिला आवाज शेजारणीचा यायचा. पालकांची नजर नसणं आणि कोणाचीच नजर नसणं यात फरक आहे. फ्लॅटचं बंद दार आणि बाहेरून कुलूप ही व्यवस्था त्यांच्या लहानपणी कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. काकू मध्ये पडल्या म्हणून ते चिडले. त्यांच्या लहानपणी असं मध्ये पडणाऱ्या दहा काकू होत्या, म्हणून तर "काही झालं नाही".

आता सोय कशी करायची. कागदावर शिफ्टचं गणित मांडा, प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. नाइटच्या आठवड्यात मिस्टर घरी. फक्त ते बेडरूमचं दार लावून झोपत असतील तर ते उघडं ठेवायला सांगा, नाही तर ते घरी असूनही नसल्यासारखेच. सेकंड शिफ्टला ते दुपारी निघतात, त्या आठवड्यात जेवण त्यांनी घालावं. तुमची उन्हातली स्कूटीची फेरी वाचते. अडचण राहते दोन ते साडेसहाची. फर्स्ट शिफ्टला तीनला सुटून ते चारपर्यंत येऊ शकतात, म्हणजे अडचण दोनच तासांची. वाटेत टपरीवर थांबणं त्या आठवड्यापुरतं बंद.

एवढ्या तासांसाठी पहिला पर्याय काकूच, पण उपकार म्हणून नाही. "काकू, दुपारी मुलं तुमच्याकडे राहिली तर चालेल का? महिन्याचं जे ठरेल ते मी देणार, नाही म्हणायचं नाही, नाही तर मला हक्कानं ठेवता येणार नाही" असं बोला. त्यांच्या घरी आणखी कोण असतं, दुपारी कोण येतं-जातं हेही मोकळेपणानं विचारा. यात अपमान काही नाही. काकूंना जमत नसेल तर पाळणाघर. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या पट्ट्यात नव्या स्कीम झाल्यापासून घरगुती पाळणाघरं बरीच निघाली आहेत. बघायला संध्याकाळी मुलं न्यायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सगळं चकाचक असतं. न कळवता दुपारी तीनला जा. मुलं झोपलेली असताना जागं कोण आहे, ते बघा. किती मुलांमागे एक ताई, मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याची वही आहे का, घरातली पुरुषमंडळी दुपारी कुठे असतात, आणि कूलर. तिथलाही कूलर बघा. शाळेच्या ऑटोवाल्या काकांना सांगितलं तर ते थेट तिथेच सोडतील, थोडे जास्त घेतील.

मुलगी म्हणेल, "मी काय लहान आहे पाळणाघरात जायला?" तिच्यासाठी त्याच वेळेला जवळची ट्यूशन किंवा चित्रकलेचा क्लास बघा, किंवा तिला तिथे गृहपाठाचं टेबल मिळेल असं ठरवा. तिथल्या लहान मुलांना सांभाळायला मात्र तिला लावू देऊ नका. ताई लोकांना अशी पोरगी आयतीच हवी असते.

ऑफिसचंही एकदा विचारा. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. तुमचं ऑफिस लहान असावं असं पत्रावरून वाटतं, आणि अशा ठिकाणी सहसा सहा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतात, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा फर्स्ट आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यांत सकाळी लवकर सुरू करून साडेचारला सुटता येईल का, हे बोलून बघा. अकाउंट्सच्या कामात महिनाअखेर सोडली तर हे जमण्यासारखं असतं.

नोकरी सोडायचा प्रश्न तुम्ही विचारला आहे, मिस्टरांनी नाही, हे माझ्या लक्षात आलं. माझं उत्तर नाही असंच आहे. पाळणाघराचा किंवा काकूंचा खर्च तुमच्या एकटीच्या पगारातून वजा करू नका. तो दोघांच्या पगारांतून जातो, मुलं दोघांची आहेत. तरीही सगळे रस्ते बंद झालेच, तर कोणी काय सोडायचं ते दोघांनी मिळून ठरवा. ठरवून झाल्यावर मला लिहा.

राहिल्या सुट्या. उन्हामुळे आपल्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आला की उघडतात, त्यामुळे तुम्हाला बराच लांबचा काळ काढायचा आहे. पाळणाघरात पूर्ण दिवसाची जागा आत्ताच बोलून ठेवा, एप्रिलच्या मध्याला मिळत नाही. मधले पंधरा दिवस मुलं काटोलकडे गेली तर सगळ्यांनाच बरं. त्याहून जास्त नको, जाऊबाई आजारी आहेत आणि सासूबाईंच्या मागे आधीच पुरेसं आहे. पण पाठवायच्या आधी दिरांना फोन करून विहिरीला कठडा आहे का, फवारणीचं औषध कुठे ठेवतात आणि बागेत शेततळं आहे का, ते विचारा. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही, आत घसरलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कुंपण नसेल तर मुलं जायच्या आधी ते घालून घ्यायला सांगा, आणि काठाला बांधून आत सोडलेला एक जाड दोर कायमचा ठेवायला सांगा. हे सासूबाईंच्या भरवशावर सोडू नका. पाच वर्षांच्या पोराच्या मागे बागेतून धावणं आता त्यांच्याच्यानं होणार नाही.